साखरपुड्यातच उरकलं

दैवशालाला बोलायला मी शिकवलं, असं आमच्या संस्थेत सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती आणि तिचं तोंड माझ्यापेक्षा जास्त चालत होतं. मी गावच्या समाजमंदिरात सतरंजी अंथरून मुलींना गोलात बसवत होते. ही दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, गोलात काहून बसायचं?" मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, की गोलात बसलं म्हणजे कुणी पुढे नसतं, कुणी मागे नसतं, सगळ्या सारख्या. ती आत आली, फतकल मारून बसली आणि म्हणाली, "पन खडू तर तुमच्याच हातात हाये." मला राग आला. पोरगी आगाऊ आहे, असं मी त्या दिवशी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं.

माझं नाव वंदना. तीर्थपुरीच्या आसपासच्या आठ गावांमध्ये मी किशोरी गट चालवते. बारा ते अठरा वयाच्या मुली आठवड्यातून एकदा जमतात. मुलगा-मुलगी भेद, शिक्षण, लवकर होणारी लग्नं यांवर आम्ही बोलतो, खेळ घेतो, गावात जाऊन काही कामं करतो. मुलांचाही एक गट असतो, तो जरा ओढूनताणून चालतो. कागदावर या सगळ्याला 'युवा नेतृत्व विकास' असं भारदस्त नाव आहे. दैवशालाच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. मोसंबीच्या बागांचं गाव आहे एवढं पुरे.

प्रत्येक गटानं आपली एक 'युवा नेता' निवडायची असा नियम आहे. दैवशालाच्या गटाला तो शब्दच पटेना. नेता म्हटलं की पोरींना चौकातला बॅनर आठवायचा. दैवशाला म्हणाली, "आपन कारभारीण म्हनू." सगळ्या खिदळायला लागल्या, कारण आमच्याकडे कारभारी म्हणजे नवरा आणि कारभारीण म्हणजे त्याची बायको. "कुनाची गं कारभारीण?" एकीनं चिडवलं. दैवशाला म्हणाली, "गावाची. जी कारभार करती ती कारभारीण. नवरा पाहिजेच, आसं कुठं लिव्हलंय?" मग अर्थातच तिलाच कारभारीण केलं. महिनाभर गावातल्या टवाळ पोरांनी तिला त्या नावानं हाका मारल्या. ती प्रत्येक हाकेला ओ द्यायची, "बोल, काय काम हाये?" म्हणायची. पोरं कंटाळली. नाव मात्र टिकलं आणि नंतर बाकीच्या सात गावांनीही ते उचललं.

ती दिसायला काही विशेष नव्हती. सावळी, हडकुळी, पुढचे दोन दात जरा मोठे, वेणी कायम अर्धी सुटलेली. चालायची इतकी जल्दी की तिच्याबरोबर गावात फिरताना मला धाप लागे. हसायला लागली की तोंडावर हात न्यायची, मग आठवण आल्यासारखा तो हात खाली घ्यायची. मुलींनी तोंड झाकून हसू नये, हे मीच कधीतरी सांगितलं होतं. मी सांगितलेलं ती इतकं मनावर घ्यायची, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचा एक उपक्रम असतो. घरात कोण कधी जेवायला बसतं आणि शेवटी कोण बसतं, हे आठवडाभर लिहून आणायचं. बाकीच्या गावांत मुली तीन दिवस लिहितात आणि चार दिवसांचं मनानं भरतात. दैवशालानं आपल्या घराचं तर लिहिलंच, वर आळीतल्या वीस-पंचवीस घरांचं गोळा करून आणलं. शेवटी कोण, या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'आई' होतं. काही ठिकाणी तिनं बारीक अक्षरात पुढे लिहिलं होतं, 'भाजी संपल्यावर.' तो कागद तिनं ग्रामसभेत उभं राहून वाचला. स्वतःच्या घराची ओळही गाळली नाही. तिचे वडील अंगदभाऊ समोरच बसले होते. मला वाटलं, घरी गेल्यावर पोरीचं काही खरं नाही.

पण अंगदभाऊ वेगळा माणूस निघाला. पंधरा दिवसांनी वाटेत भेटले तेव्हा स्वतःहून थांबून म्हणाले, "ताई, आता आमच्याकडं समदे संगंच बसतेत. चूल इझवल्याबिगर म्या ताटाला हात लावत न्हाई." भावकीतले लोक त्यांना बायकोचा बैल म्हणत; ते नुसते हसत. पोरीला ते अधूनमधून 'कारभारीणबाई' म्हणायचे, आणि ती सहा मुलींना घेऊन एसटीच्या आगारात अर्ज द्यायला गेली तेव्हा तेच सोबत गेले होते. कॉलेज सुटायच्या आधीच बस निघून जायची, ती वेळ अर्ध्या तासानं पुढे ढकलून मिळाली. मी त्यांचा 'आदर्श पालक' म्हणून सत्कार घडवून आणला. ते प्रमाणपत्र त्यांनी ओसरीत लावलं. अशी माणसं आहेत म्हणून आमचं काम चालतं, असं मी तेव्हा भाषणांतून सांगायची.

आता माझ्या भाषणांबद्दल. आमच्याकडे अलीकडे एक पद्धत रूढ झाली आहे. साखरपुड्याला दोन्हीकडचे पाहुणे जमतात, स्वयंपाक झालेला असतो, भटजीही असतोच. मग एखादा वडीलधारा उठतो आणि म्हणतो, एवढे लोक जमलेच आहेत तर अक्षताच टाकून घेऊ. तासाभरात लग्न उरकतं. हुंडा नाही, मांडव नाही, डीजे नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात नवरा-नवरीचा फोटो येतो आणि खाली 'समाजापुढे आदर्श' असं छापतात. मला ही पद्धत मनापासून आवडायची. असं एक कात्रण मी मोठं करून, प्लास्टिकमध्ये घालून समाजमंदिरात लावलं होतं. आणि ग्रामसभेत सांगितलं होतं, "लग्न करायचंच तर असं करा. साखरपुड्यातच उरका. पोरीच्या बापाला वाकायला लावू नका." त्या कात्रणातली नवरी तेवीस वर्षांची होती. ते मी वाचलं होतं, पण बोलताना सांगायचं राहिलं. इतक्या टाळ्या पडल्या की पुढे काही बोलायची गरजच वाटली नाही. अंगदभाऊ पहिल्या रांगेत होते.

दैवशाला अकरावीत गेली, तीर्थपुरीच्या कॉलेजात. वय सोळा वर्षं आठ महिने. त्या फेब्रुवारीत आमचा जिल्ह्याचा मेळावा होता, जालन्याला, रविवारी. आठही गावांच्या कारभारणी येणार, मोठे पाहुणे येणार, आणि मुख्य भाषण दैवशालाचं. ती संध्याकाळी बागेत जाऊन मोसंबीच्या झाडांपुढे सराव करत होती. भाषण तिचं तिनं लिहिलं होतं. मी फक्त दोन शब्द बदलले, तेही उगाच.

त्या गुरुवारी सकाळी साडेआठला तिचा फोन आला.

"ताई, रविवारी माझं कुंकू हाये."

"काय?"

"साखरपुडा. चतुराबाई आत्यानं स्थळ आनलंय, शहागडचं. पोराचं रोडवर टायरचं दुकान हाये. काल बघून गेले, आन आज म्हनतेत रविवारीच."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, ते मला लिहायलाही लाज वाटते. मी म्हटलं, "अगं, पण रविवारी मेळावा आहे ना!"

ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, आईनं कासारणीला सांगावा धाडलाय. हिरवा चुडा भरायचाय म्हने. कुंकवाला चुडा भरतेत का?"

कुंकवाला चुडा भरत नाहीत. मी याच मुलखातली आहे, मला हे कुणी सांगायला नको. साखरपुड्याला साडी नेसवतात, कुंकू लावतात, ओटी भरतात, पेढा देतात. कोपरापर्यंतचा हिरवा चुडा लग्नाचा. माझा लग्नाच्या आदल्या दिवशी भरला होता, माझ्या दोन्ही बहिणींचाही. पोरीनं अचूक जागी बोट ठेवलं होतं. आणि मी तिला म्हटलं, "हल्ली हौसेनं सगळंच करतात गं."

"मला बराबर वाटून न्हाई राह्यलं. १०९८ ला फोन लावू का?"

संकटातल्या मुलांसाठी असलेला हा नंबर मीच त्यांना पाठ करून घेतला होता, टाळ्या वाजवत. लग्नाची नुसती तयारी चाललेली असली तरी तिथे सांगता येतं, हेही मीच शिकवलं होतं. पण त्या सकाळी मला वेगळंच दिसत होतं. मेळाव्याच्या तीन दिवस आधी आदर्श पालकाच्या दारात पोलीस, गावभर बोभाटा, मग त्या गावात आम्हाला कोण पाय ठेवू देणार? मी तिला चक्क झापलं. "वेडी झालीस का? साखरपुडा म्हणजे गुन्हा आहे का? उद्या लोक म्हणतील, गटात जाऊन पोरी बापावर केस करायला शिकतात. बिलकुल फोन करायचा नाही. मी बोलते तुझ्या वडिलांशी."

बोललेही मी. लगेच फोन लावला. अंगदभाऊ नेहमीसारखे मोकळे होते. म्हणाले, "ताई, बिलकुल काळजी करू नका. पोराकडची मानसं चांगली हायेत, एक रुपाया मागितला न्हाई. आन बारावी झाल्याबिगर म्या तिला नांदायला धाडनार न्हाई. हा माझा शब्द."

मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला आणि दैवशालाला लावला.

"वडिलांनी शब्द दिलाय. बारावी झाल्याशिवाय नाही."

"काय न्हाई? लग्न न्हाई, आसं म्हनले?"

"हो," मी म्हटलं.

लग्न असं ते म्हणाले नव्हते. नांदायला धाडणार नाही, असं म्हणाले होते. लग्न लागलेल्या मुलीलाच नांदायला धाडतात. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले आहे, त्याचा अर्थ मला शाळेत शिकावा लागलेला नाही. तो माझ्या कानावर पडला आणि मी तो वगळला, कारण मला उरलेलं वाक्य हवं होतं. 'हो' हा एवढासा शब्द मी किती सहज टाकला, ते आठवलं की आजही हातातलं काम थांबतं.

"बरं," दैवशाला म्हणाली. "मंग माझं भाषण कोन वाचनार?"

ते तीर्थपुरीच्या कापडदुकानवाल्यांच्या शिखानं वाचलं. शिखा तिच्याच वर्गातली, आवाज खणखणीत. 'माझ्या वडिलांनी आईच्या आधी जेवणं सोडलं' हे वाक्य आलं तेव्हा मात्र ती अडखळली. हे वाक्य माझं नाही, असं तिला वाटलं असावं. टाळ्या जोरात पडल्या. मला शाल मिळाली. दुपारचं जेवण करताना मी एका पाहुण्यांना कारभारीण या शब्दाची गोष्ट सांगितली, आणि तो शब्द कुणी सुचवला हे सांगताना माझी छाती अभिमानानं भरून आली होती. तिकडे गावात त्याच सुमाराला मंगलाष्टकं चालली होती.

सोमवारी सकाळी अंगदभाऊंचा फोन आला. आवाज आनंदानं फुलून आला होता.

"ताई, पेढे घेऊन म्या येऊ का तुमी येता?"

"साखरपुडा छान झाला का?"

"साखरपुड्यातच उरकलं, ताई! तुमी सांगितल्तं तसंच. ना हुंडा, ना मांडव, ना डीजे. पाहुने म्हनले टाका अक्षदा, म्या म्हनलं टाका. भाषनात तुमचं नाव घेतलं म्या, की वंदनाताईचा शब्द पाळला. पेपरवाल्याला फोटोबी दिलाय."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बोलले असेन, कारण ते म्हणाले, "न्हाई न्हाई, नांदायला अठरा झाल्यावरच. कायदा कशाला मोडू आपन?" त्यांना खरोखरच वाटत होतं की कायदा पाळला. आणि असं वाटायला मी त्यांना पुरेपूर मदत केली होती.

तासाभरात मी त्यांच्या घरी पोचले. दैवशाला ओसरीत मेथी निवडत बसली होती. गळ्यात काळी पोत, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. प्रत्येक काडी मोडताना त्या वाजत होत्या. मला बघून ती उठली, पाणी आणलं, पुन्हा बसली. रडली नाही. रडली असती तर मला जवळ घेता आलं असतं.

"मी आत्ताच्या आत्ता फोन लावते," मी म्हटलं. "हे लग्न बेकायदा आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही; बेरीज चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"तव्हा म्या म्हनले लावू का, तर तुमी नको म्हनल्या. तव्हा लावला आस्ता तर नुसतं कुंकू मोडलं आस्तं, ताई. आता लावला तर आप्पा आत जातेन."

मागे तिचे आप्पा, अंगदभाऊ, पेढ्यांची ताटली घेऊन उभे होते. मी त्यांना सांगितलं, सोळाव्या वर्षी लावलेलं लग्न गुन्हा आहे, मग नांदायला पाठवा नाहीतर पाठवू नका. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उतरला. "पन तुमीच तर..." एवढं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. घरी आलेल्या बाईला दोष द्यायचा नाही, एवढी रीत त्यांनी त्या क्षणीही पाळली. दैवशालाच्या आईनं, पुष्पाबाईनं, त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली आणि ती आत गेली.

गावाबाहेर आल्यावर बागेच्या कडेला गाडी थांबवून मी १०९८ ला फोन लावला. तो लावायलाच हवा होता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मला कुणी धाडसी म्हणू नये. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो येणार होता, खाली माझं नाव असणार होतं, आणि तक्रार आधी माझ्याकडून गेलेली बरी, हा विचार माझ्या मनात स्पष्ट आला होता. त्या फोनातला किती भाग दैवशालासाठी होता आणि किती स्वतःसाठी, हे मला नीट सांगता येत नाही.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. निकाल आधीच सांगून टाकते. दैवशाला शहागडला गेली नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत तिनं आईवडिलांकडे राहायचं, शिकायचं, आणि पुढे हे लग्न रद्द करायचं की नाही ते तिनं ठरवायचं, असं झालं. वडिलांवर, आत्यावर, पोराकडच्यांवर केस झाली. अंगदभाऊ काही दिवस आत राहून जामिनावर सुटले. ते आता ग्रामसभेला येत नाहीत. मी समोरून आले तर मान खाली घालून बाजूनं निघून जातात. भिंतीवरचं प्रमाणपत्र कुणी काढलं ते मला माहीत नाही. दैवशाला बारावीत आहे, बसनं तीर्थपुरीला जाते. गटात येत नाही. गावाला वाटतं की बापाला पोरीनंच अडकवलं. मी चार घरी जाऊन सांगितलं की फोन मी लावला होता. लोक म्हणतात, ताई पोरीला पाठीशी घालून राह्यल्या. एरवी माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या या गावानं नेमका हाच शब्द खोटा ठरवला.

हे सगळं इतर लोकांनाही माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगायचं राहिलं आहे.

तिला जालन्याला बालकल्याण समितीपुढे उभं केलं, त्या दिवशी संस्थेतर्फे मी सोबत होते. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. तिनं कॉलेजचा ड्रेस घातला होता. हातात चुडा तसाच होता, कारण तो उतरवायला आई तयार नव्हती. ओढणीखाली हात लपवून ती म्हणाली, "आत काय विचारतेन?"

"सगळंच. कधी ठरलं, कुणी ठरवलं, कोण कोण हजर होतं. तू आधी कुणाला सांगितलं होतंस का."

तिनं ओढणी बांगड्यांवर आणखी खाली ओढली.

"तुमचं नाव घेतलं तर गट बंद होईल का?"

तिला त्या वेळी एकच उत्तर द्यायचं होतं: जे खरं आहे ते सांग, गटाचं मी बघते. मी सहा वर्षं मुलींना हेच शिकवत आले. एक साधं वाक्य होतं ते, आणि ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "होऊ शकतो." खोटं नव्हतं ते. होऊ शकलाही असता. पण गटाचं मला तेव्हा काही सुचत नव्हतं. मला माझी नोकरी दिसत होती, माझा मान दिसत होता, ती शाल दिसत होती.

"आसं का," दैवशाला म्हणाली.

आत प्रश्न विचारणाऱ्या बाई वयस्क होत्या, चष्मा लावलेल्या, फार प्रेमानं बोलत होत्या. दैवशालानं न अडखळता उत्तरं दिली. आत्या किती वाजता आली, पाहुणे काय म्हणाले, आप्पा काय म्हणाले. वडिलांबद्दल बोलताना ती एकदाच थांबली आणि म्हणाली, "ते वाईट न्हाईत. त्यायला तसंच बराबर वाटलं." बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"साखरपुडा ठरला तेव्हा तू कुणाला सांगितलं होतंस का, बाळ? शाळेत, गटात, या ताईंना?"

दैवशालानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "कुनालाच न्हाई."

"का गं? तू तर गटाची पुढारी आहेस ना?"

"ध्यानात आलं न्हाई."

बाईंना वाईट वाटलं ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या मुलींना बोलायला सांगायचं आणि स्वतःची वेळ आली की गप्प बसायचं, असं करू नये बाळ. एक फोन केला असतास तर आज इथे यावं लागलं नसतं." त्यांनी हे रागावून म्हटलं नाही. दैवशालानं मान हलवली, एखाद्या नापास झालेल्या मुलीसारखी. बारा वर्षांची असताना माझ्या हातातल्या खडूला हरकत घेणारी पोरगी, आणि ती दुसऱ्याची चूक अशी खाली मान घालून स्वतःच्या नावावर घेत होती.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि ताई, तुम्हाला कधी कळलं?"

खोलीत पंखा फिरत होता. अजून वेळ गेलेली नव्हती. मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली होती, पण मी गप्प राहिल्याशिवाय ते खोटं पुरं होणार नव्हतं. दैवशालानं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती, दटावणं नव्हतं. ती फक्त बघत होती, की ताई काय म्हणते.

"सोमवारी," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी, वडिलांचा फोन आला तेव्हा."

बाईंनी ते लिहून घेतलं. आम्ही दोघींनी सह्या केल्या, आधी तिनं, मग मी. तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

मुलीनं कुणालाही कळवलं नव्हतं, असं त्या कागदावर आहे. तिनं कळवलं होतं. गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता, मला.